पहिलं किट बारकं घ्या

यंदाच्या स्नेहसंमेलनात आमच्या बँडचं दुसरं गाणं सुरू झालं आणि पहिल्या रांगेतल्या एका मॅडमनी मान वळवून साउंडवाल्याकडे बघितलं. स्पीकर फाटला असं त्यांना वाटलं. स्पीकर चांगला होता. माझ्या पायापाशी ॲल्युमिनियमची एक डबी होती आणि तिचं बटण मी नुकतंच दाबलं होतं. त्या डबीला फझ पेडल म्हणतात. ती मी घरी जोडलेली आहे, किट आणून.

त्या दिवसापासून पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला: "आम्हालाही बनवायचंय, किट कुठलं घेऊ?" प्रत्येकाला कँटीनमध्ये वेगळं उत्तर देण्यापेक्षा इथेच लिहिते. वाङ्मय मंडळाच्या अंकात सर्किटचं काय काम, असं संपादकांनी विचारलं. मी म्हटलं, पूर्ण वाचा, हा लेख शेवटी वाचण्याबद्दलच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. पहिलं किट आवाजावरून निवडू नका. आपली चूक आपल्याला सापडेल का, यावरून निवडा. इंटरनेटवर सगळे उलट सांगतात. अमुक गिटारिस्टचा आवाज हवा तर हे घ्या, तमुकचा हवा तर ते घ्या. मीही तसंच केलं आणि माझे पैसे बुडाले. पैशांपेक्षा वाईट म्हणजे मी चार महिने स्वतःला मठ्ठ समजत होते.

ज्यांना फझ म्हणजे काय हे माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली बारीक तार. गिटारची तार हलली की पिकअपमध्ये अगदी थोडी वीज तयार होते. ट्रान्झिस्टर ती मोठी करतो. पण नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा ट्रान्झिस्टर नऊ व्होल्टच्या पुढे जाणार कसा? त्याच्या कुवतीपेक्षा जास्त वाढवायला लावलं की लाटेचा माथा आणि तळ दोन्ही कापले जातात. गोल लाट चौकोनी होते. चौकोनी लाटेत मूळ स्वराच्या जोडीला वरचे कितीतरी स्वर येतात, आणि मग मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा तो खरखरीत, लांबत जाणारा आवाज ऐकू येतो.

गंमत म्हणजे हा आवाज सापडला तोच एका बिघाडातून. मार्टी रॉबिन्सचं 'डोन्ट वरी' हे गाणं १९६१ साली गाजलं. नॅशव्हिलमध्ये त्याचं रेकॉर्डिंग चालू असताना मिक्सिंगच्या टेबलातला एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिनच्या बास गिटारचा तुकडा फाटक्या आवाजात नोंदला गेला. तो तसाच ठेवला. तिथल्या ग्लेन स्नॉडी या रेकॉर्डिंग इंजिनिअरने बिघाड कुठे आहे ते शोधलं आणि तोच आवाज मुद्दाम काढणारं सर्किट एका जोडीदाराबरोबर तयार केलं. १९६२ मध्ये गिब्सन कंपनीने ते 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने बाजारात आणलं. १९६५ मध्ये कीथ रिचर्ड्सने 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये ते वापरलं आणि मग सगळ्यांनाच ते हवंसं झालं. म्हणजे बिघाड नुसता झाला म्हणून काही घडलं नाही. तो कुठे आहे हे कुणाला तरी सापडलं, म्हणून पुढचं सगळं घडलं. हे लक्षात ठेवा.

आता माझी गोष्ट. सातवीच्या दोन मुलांची इंग्रजीची शिकवणी घेऊन मी पैसे साठवले होते. त्यातले तीन हजार दोनशे घालून पहिलं किट मागवलं. विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही, आता भांडण उकरून काढायचं नाही. किट 'बिग मफ' जातीचं होतं. बिग मफ हे न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रो-हार्मोनिक्स कंपनीचं १९६९ सालापासूनचं प्रसिद्ध पेडल. आवाज भरदार, भिंतीसारखा. पण त्यात चार ट्रान्झिस्टर, चार डायोड, तीन नॉब आणि रेझिस्टर-कपॅसिटर मिळून तीसहून जास्त भाग असतात. तोवर मी आयुष्यात इस्त्रीची वायरसुद्धा बदललेली नव्हती.

सूचना म्हणून एक पान होतं. त्यावर बोर्डाचा पुसट फोटो आणि भागांची यादी, एवढंच. मी आठवडाभर रात्री जागून सगळं जोडलं. बटण दाबलं, लाल दिवा लागला, आवाज मात्र शून्य. बटण परत दाबलं की गिटारचा साधा आवाज नीट यायचा. म्हणजे बिघाड सर्किटमध्ये होता. पण चाळीसएक भागांत तो शोधायचा कुठे? बोर्डाच्या कुठल्या जागी किती व्होल्ट यायला हवेत, हे त्या पानावर नव्हतं. मग सुचेल ते केलं. प्रत्येक डाग पुन्हा गरम केला. दुसऱ्यांदा गरम केला. तिसऱ्यांदा बोर्डावरची तांब्याची पट्टीच उचलली गेली.

पप्पा म्हणाले, "पैसे गेले ते गेले, झोप तरी घे." मी सगळं बुटाच्या खोक्यात भरलं आणि कपाटावर ठेवलं. मनात एकच वाक्य होतं: आर्ट्सवाल्यांचं हे काम नव्हे. बारावीला सायन्स घेतलं नाही, आता भोगा. बाजारात वायर आणायला गेल्यावर "भावासाठी पाहिजे काय?" असं मला दोनदा विचारलं गेलं होतं. तेही आता खरंच वाटायला लागलं.

चार महिन्यांनी आजीचा रेडिओ बिघडला. तो घेऊन मी खडेबाजाराच्या बाजूला एका जुन्या दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. जाता जाता ते खोकंही पिशवीत टाकलं. काकांनी भिंग लावून बोर्ड बघितला, मग सूचनांचं पान बघितलं आणि पाचेक मिनिटांत म्हणाले, "पोरी, ह्यांचे पाय उलटे बसलेत की."

झालं होतं असं. यादीत '२एन ३९०४' हा ट्रान्झिस्टर लिहिला होता आणि बोर्डावरची आकृती त्याच्यासाठीच काढलेली होती. पुडीत मात्र 'बीसी ५४७' आले होते. दोन्ही दिसायला सारखेच: काळे, अर्धगोल, तीन पायांचे. कामही जवळपास सारखंच करतात. पण चपटी बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर ३९०४ चे पाय डावीकडून एमिटर, बेस, कलेक्टर असे येतात आणि ५४७ चे कलेक्टर, बेस, एमिटर असे. एकदम उलट. मी आकृतीप्रमाणे बसवले होते. म्हणजे सूचना तंतोतंत पाळल्या, म्हणूनच पेडल बंद राहिलं.

दुकानाच्या फळीवर बसून मला रडू यायचं बाकी होतं. चूक माझी नव्हती. पानावर एक छापलेलं आणि पुडीत दुसरंच, ही चूक देणाऱ्याची होती. पण ते कळायला माझ्याकडे काही साधनच नव्हतं, म्हणून मी ती स्वतःच्या डोक्यावर घेतली. बोर्ड तोवर वाचण्यापलीकडे गेला होता. काका म्हणाले, "पहिल्याच खेपेला एवढं मोठं कशाला घेतलंस? आधी बारकं कर की. बारक्यात चूक दिसते."

माझं सगळं मत या एका वाक्यावर उभं आहे. आता ते किटच्या भाषेत सांगते.

पहिली गोष्ट, सर्किट. नवशिक्याने 'फझ फेस'चं किट घ्यावं, सिलिकॉन ट्रान्झिस्टरचं. फझ फेस १९६६ मध्ये लंडनच्या आर्बिटर कंपनीने काढलं आणि जिमी हेंड्रिक्समुळे जगभर गेलं. त्याच्या मूळ सर्किटमध्ये दोन ट्रान्झिस्टर, चार रेझिस्टर, तीन कपॅसिटर आणि दोन नॉब असतात. एकूण अकरा भाग. अकरा भागांत चूक लपून लपून किती लपणार? एका संध्याकाळी सगळे भाग पुन्हा एकेक करून तपासता येतात. याहून लहान हवं असेल तर 'बाझ फस' नावाचं एकाच ट्रान्झिस्टरचं सर्किट आहे. पण माझा कौल फझ फेसला, कारण गिटारचा आवाजाचा नॉब थोडा खाली केला की फझ मवाळ होतो आणि बोटांना खूप काही शिकायला मिळतं. फक्त ते गिटारच्या लगेच पुढे, बाकी पेडलांच्या आधी जोडा.

दुसरी गोष्ट, जर्मेनियमचा मोह. सुरुवातीच्या फझ फेसमध्ये जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर होते आणि 'खरा आवाज त्याचाच' असं म्हणणारे पुष्कळ आहेत. आवाज गोड असतो, मान्य. पण जर्मेनियमचा एकेक नग वेगळा निघतो, तो मोजून निवडावा लागतो. तापमान वाढलं की त्यातून गळणारा प्रवाह वाढतो आणि आवाज बदलतो. आपलं बेळगाव थंड म्हणायचं, पण मे महिन्यात पत्र्याच्या मांडवाखाली वाजवून बघा. शिवाय जुन्या पद्धतीच्या जर्मेनियम पेडलमध्ये बॅटरीचं धन टोक ग्राउंडला जोडलेलं असतं, त्यामुळे ते इतर पेडलांबरोबर एका अडॅप्टरवर लावता येत नाही. म्हणजे पेडल बिघडलं तर दोष आपला, भागाचा की उन्हाचा, हे नवशिक्याला कळणार नाही. हेंड्रिक्सनेही पुढे सिलिकॉनची फझ फेस वापरलीच. आपण सिलिकॉनपासून सुरुवात केली तर काही कमीपणा येत नाही.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची: सूचना आधी वाचा, किट नंतर घ्या. चांगले विक्रेते सूचनांची पुस्तिका आधी बघायला देतात. ती देत नसतील तर सोडून द्या. पुस्तिकेत सर्किटची आकृती हवी. बोर्डावर कुठला भाग कुठे बसतो याचं स्पष्ट चित्र हवं. रेझिस्टरच्या रंगपट्ट्यांसकट यादी हवी. दिलेल्याच ट्रान्झिस्टरचा क्रमांक आणि त्याच्या पायांचं चित्र हवं. आणि ट्रान्झिस्टरच्या प्रत्येक पायावर किती व्होल्ट दिसायला हवेत याचा तक्ता हवा. बाकी एखादं नसलं तर चालवून घ्या, पण हा तक्ता नसेल तर ते किट नवशिक्याचं नाही. बाहेर 'बिगिनर' लिहिलेलं असलं तरी नाही.

चौथी गोष्ट, डबीतल्या अडचणी. ट्रान्झिस्टर थेट बोर्डाला डाग देऊन न बसवता सॉकेटमध्ये खोचता येत असतील तर उत्तम. उलटे बसले तर काढून फिरवता येतात. एवढीशी सॉकेटं असती तर माझे तीन हजार दोनशे वाचले असते. पायाने दाबायच्या बटणाला खाली नऊ पाय असतात आणि नवशिक्यांच्या तारा तिथेच चुकतात. बटणासाठी वेगळा छोटा बोर्ड देणारं किट घ्या. डबीला भोकं पाडलेली असावीत. घरी ड्रिल नसताना ॲल्युमिनियमला बारा मिलिमीटरचं भोक पाडायचं म्हणजे दिवाळीची अर्धी सुट्टी गेली. जॅक, नॉब, बॅटरीची क्लिप, दिवा, डबी सगळं आत आहे ना, तेही बघा. काही ठिकाणी 'किट' म्हणून फक्त बोर्ड आणि भाग येतात.

आणि पैसे मोजताना हत्यारांचे बाजूला काढा. पंचवीस वॉटची सोल्डरिंग आयर्न, आत राळ भरलेली कथिलाची तार, कटर आणि साधा मल्टिमीटर. मल्टिमीटर नंतर घेऊ म्हणू नका. त्याच्याशिवाय व्होल्टचा तक्ता असून नसल्यासारखा. कथिलाच्या तारेत बहुधा शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काम झालं की हात धुऊनच जेवायला बसा. हे आजीने मला न शिकताच सांगितलं. तिने लहानपणी दारात कल्हईवाला बघितलेला, त्यामुळे नवसागराच्या धुरापासून लांब राहायचं तिला पाठ होतं.

दुसरं किट मी असं बघून घेतलं. दोन संध्याकाळी लागल्या. आणि खरं सांगते, तेही पहिल्या झटक्यात वाजलं नाही! पण या वेळी तक्ता होता. दुसऱ्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर साडेचार व्होल्टच्या आसपास दिसायला हवे होते, मला जवळजवळ नऊ दिसत होते. पुस्तिकेत लिहिलं होतं की असं असेल तर या ट्रान्झिस्टरमधून प्रवाह जातच नाहीये, एमिटरकडचा रस्ता तपासा. एमिटरपासून फझच्या नॉबपर्यंत ठीक होतं. नॉबपासून ग्राउंडला जाणाऱ्या तारेचा डाग मात्र वरवर बसला होता, आत पकड नव्हती. पुन्हा डाग दिला. वीस मिनिटांत पेडल वाजलं. पहिल्या किटला चार महिने, इथे वीस मिनिटं. आणि मी तर तीच होते, डोकं काही वाढलं नव्हतं.

यावर मला तीन आक्षेप ऐकायला मिळतात. पहिला, तयार पेडल याहून स्वस्तात मिळतं. मिळतं. नुसता आवाज हवा असेल तर तेच घ्या, मी हसणार नाही. किट पैसे वाचवायला घ्यायचं नसतं. दुसरा, किट कशाला, बाजारातून सुटे भाग आणून भोकांच्या बोर्डावर जोडा. बीसी ५४७ चार-दोन रुपयांत मिळतो, हेही खरं. पण तिथे आकृती आपली, मांडणी आपली आणि चूकही आपलीच. ताडून बघायला काही नाही. दुसरं पेडल तसं करा, पहिलं नको. तिसरा आक्षेप जरा वजनाचा आहे: अवघड कामातूनच माणूस शिकतो. पण माझा अनुभव असा की माणूस अवघड कामातून शिकत नाही, सापडलेल्या चुकीतून शिकतो. न सापडलेली चूक माणसाला फक्त गप्प बसवते. माझ्यासारखे किती जण आपापलं खोकं कपाटावर ठेवून बसले असतील.

इथे वाङ्मय मंडळाचा विषय येतो. पाठचिकित्सेच्या तासाला आम्हाला शिकवलं की एकाच प्रतीवर विश्वास ठेवायचा नाही. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती लोकांच्या हातातल्या प्रतींत अपपाठ शिरले होते म्हणून. ओवी लागत नसेल तर प्रत्येक वेळी वाचणाराच मठ्ठ असतो असं नाही, कधी प्रत बिघडलेली असते. परीक्षेत मी हे छान लिहिलं, मार्कही मिळाले. पण स्वतःच्या टेबलावर पान आणि पुडी जुळत नव्हती तेव्हा मला ते आठवलं नाही. छापलेलं बरोबर आणि मी चूक, असंच धरून चालले. विज्ञानाच्या पुस्तकापुढे आपण आर्ट्सवाले लगेच मान खाली घालतो. त्यात ते इंग्रजीत असलं तर आणखीच. ही सवय मोडायला अकरा भागांची डबी मला उपयोगी पडली.

आता एक कामाचं. दुसऱ्या किटच्या अनुभवावरून मी मराठीत दोन पानं लिहून काढलीत. रेझिस्टरला मी रेझिस्टरच म्हटलंय, कारण 'रोधक द्या' म्हटलं तर दुकानात कुणी देणार नाही. सोल्डर करण्याला मात्र 'डाग देणे' लिहिलंय, तो शब्द आपल्याकडे आधीपासूनच आहे. व्होल्टचा तक्ता दुसऱ्या पानावर आहे, दोन्ही ट्रान्झिस्टरच्या पायांच्या चित्रासकट. पानं मंडळाच्या कपाटात निळ्या फाइलमध्ये आहेत. घेऊन जा, झेरॉक्स काढा. त्यात चूक सापडली तर पेन्सिलीने तिथेच लिहा.

आणि ज्या मॅडमनी मागे वळून बघितलं त्यांना सांगायचं राहिलं: स्पीकर ठीक होता हो. आमच्या कॉयर मास्तरांनी मात्र ताकीद दिलीय, "रविवारच्या मिस्साला ती डबी घरीच ठेव हं." ठेवते.